खड्डे मोजले, पाणी पाहिले नाही



बारावीचा निकाल लागला की आमच्या पंचायत समितीच्या कार्यालयात पेढे येतात आणि पेढ्यांच्या मागोमाग प्रश्न येतो, "साहेब, पोरगं पास झालं. आता त्याले कुठं टाकू?" मी विस्तार अधिकारी, कृषी. लोक ज्या विश्वासाने मला बियाणे, खत, फवारणी विचारतात त्याच विश्वासाने मुलांचे शिक्षणही विचारतात. मीही ठरलेले उत्तर देत आलो. बी.एस्सी. अ‍ॅग्री करा, नाही तर स्पर्धा परीक्षेला बसवा. एका मुलीच्या बाबतीत मात्र माझा सल्ला साफ चुकला, आणि ती मुलगी माझ्याच घरातली होती. त्या चुकीची हकीकत आज सांगतो. कदाचित येत्या निकालाला आपल्यापैकी कुणाच्या तरी कामी येईल.

आमचे मूळ गाव देवळी तालुक्यात. थोरले भाऊ घरची सात एकर वाहतात. कपाशी, तूर, थोडे सोयाबीन. ओलिताची सोय एका विहिरीची. मी शिकलो, नोकरीला लागलो, म्हणून घरात मी "साहेब". कोणताही मोठा निर्णय माझ्या शब्दावाचून होत नसे. २०१४ साली भावाची धाकटी मुलगी बारावी झाली. गणितात गुण चांगले होते. सगळे ओसरीत बसलो असताना ती म्हणाली, "काकाजी, मला लँडस्केप आर्किटेक्ट व्हायचं आहे."

भाऊ माझ्याकडे पाहून म्हणाले, "हे कायचं काम असते गा? तू सायेब हायेस, तूच सांग."

खरे सांगायचे तर मलाही नीट माहीत नव्हते. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात आम्ही शिकलो तेव्हा उद्यानविद्येत हिरवळ, कुंपण आणि ताटवे यांचा एक धडा होता. महाविद्यालयाला लागूनच महाराजबाग आहे. तिथल्या झाडांखाली बसून तो धडा आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. तेवढ्या भांडवलावर मी बोललो. "म्हणजे बागा लावायच्या. त्याला माळी असतो. सात वर्षे शिकून काय माळीकाम करायचे?" सगळे हसले. मुलगी हसली नाही.

तिने हट्ट सोडला नाही. प्रवेश परीक्षा दिली आणि वास्तुशास्त्राच्या पदवीला लागली. भावाने बँकेचे शैक्षणिक कर्ज काढले. मी काही बोललो नाही, पण मदतही केली नाही. पुढे २०१७ साल आले. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने आपल्या विदर्भातल्या कपाशीचे काय केले ते आपणांस सांगायला नको. बोंडे फुटायच्या जागी सडली. भाऊ माझ्याकडे आले. फीचा एक हप्ता अडला होता. त्या दिवशी मी जे वाक्य बोललो ते अजून मला टोचते. मी म्हणालो, "मी तर आधीच सांगितले होते." भाऊ चहा न घेता उठले. वहिनींनी हातातल्या पाटल्या गहाण ठेवल्या आणि फी भरली गेली.

असो. आता माझ्या कामाची गोष्ट ऐका, म्हणजे दोन्हींचा मेळ लागेल.

मधल्या काळात माझ्या हद्दीतल्या एका गावी शाळेच्या मैदानावर वृक्षलागवड करायची होती. सगळी आखणी माझी. दोरी लावून सरळ ओळी पाडल्या. तीन-तीन मीटरवर दोनशे खड्डे घेतले. कडुनिंब आणि गुलमोहर लावले. सरपंच आले, फोटो निघाले, खड्ड्यांचा अहवाल गेला. होळीला मी पुन्हा त्या गावी गेलो तेव्हा मोजून एकतीस झाडे जिवंत होती. मी शेळ्यांना दोष दिला, पोरांना दोष दिला, पाणी न घालणाऱ्या शिपायाला दोष दिला. दुसऱ्या वर्षी त्याच खड्ड्यांत पुन्हा रोपे लावली. ती पण गेली.

२०२२ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात किती पाऊस झाला ते आठवत असेल. पुतणी तेव्हा पुढची पदवी करीत होती आणि सुटीत गावी आली होती. बोलता बोलता मी त्या शाळेची रड सांगितली. ती म्हणाली, "काकाजी, उद्या पाऊस आला तर मला तिथं न्याल?"

लोक पाऊस उघडल्यावर बाहेर पडतात. ही पाऊस लागल्यावर निघाली. हाती छत्री आणि काखेत पऱ्हाटीच्या काड्यांची मोळी. मैदानाच्या वरच्या कडेपासून ती पाण्याच्या मागे मागे चालत गेली आणि जिथून धार जाते तिथे काडी रोवीत गेली. तासाभरात सगळ्या मैदानावर काड्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. माझ्या सरळ ओळींशी त्यांचा काही संबंध नव्हता. गावातल्या छपरांचे आणि सडकेचे पाणी मोरीतून येऊन मैदानाच्या खालच्या कोपऱ्यात जमत होते. तिथली माती काळी, चिकण. काळ्या मातीत खड्डा घेऊन भरला की भर खाली बसते आणि पावसाळ्यात तो खड्डा म्हणजे बादली होतो. त्या बादलीत मी कडुनिंब उभा केला होता! कडुनिंबाला कोरडे चालते, पाय पाण्यात चालत नाही. हे मला ठाऊक नव्हते का? चांगले ठाऊक होते. शेतकऱ्याला मीच सांगतो की तुरीच्या मुळाशी पाणी साचू देऊ नका. पण मैदानावर गेलो तेव्हा मी जमीन पाहिली नाही. मी खड्डे मोजले.

दुसऱ्या दिवशी ऊन पडले. ती शाळा सुटायच्या वेळी तिथे जाऊन बसली. मुले फाटकाकडून हँडपंपाकडे तिरपी धावत जातात, ती पाऊलवाट माझ्या चार ओळी कापून जात होती. त्या वाटेवरची रोपे मोडणारच होती. वरच्या बाजूला विजेची तार होती. तारेखालचा गुलमोहर वाढला असता तरी छाटला गेला असता. वरची जमीन मुरमाड, तिथे पाणी ठरत नाही. शाळेच्या भिंतीला लागून बसलेल्या एका म्हातारीला तिने विचारले, "आजी, दुपारी ऊन कुठून लागते?" आजीने पश्चिमेच्या खिडक्या दाखवल्या. नेमकी तीच बाजू मी मोकळी सोडली होती.

मग तिने मोजमाप घेतले. नळीने पातळी काढली. जलसंधारणाच्या कामात समपातळी रेषा काढताना आपण हेच करतो. तीन कागदांवर नकाशा केला. पहिल्यावर आज आहे ती जमीन, दुसऱ्यावर पाणी, ऊन आणि माणसांच्या वाटा, तिसऱ्यावर काय करायचे ते. वरच्या कडेला उथळ समतल चर, म्हणजे मुरमात पाणी जिरेल. तिथे कडुनिंब आणि आवळा. खालच्या कोपऱ्यातले पाणी हाकलायचे नाही, त्याला बसायला जागा द्यायची आणि भोवती अर्जुन, जांभूळ, करंज लावायचे. तेही खड्ड्यात नाही, मातीच्या उंचवट्यावर. तारेखाली सीताफळासारखी ठेंगणी झाडे. पश्चिमेला वर्गांना सावली पडेल अशा अंतरावर मोठी झाडे. मुलांची पाऊलवाट तशीच राहू द्यायची. मैदानाचा मधला भाग खेळायला मोकळा. एकूण झाडे सेहेचाळीस.

मी म्हणालो, "दोनशेचे सेहेचाळीस?" ती म्हणाली, "काकाजी, जगणारी मोजा."

गावकऱ्यांनी २०२३ च्या पावसाळ्यात त्या नकाशाप्रमाणे झाडे लावली. त्यानंतर दोन उन्हाळे निघाल्यावर मी मोजली तेव्हा एक्केचाळीस उभी होती. खालच्या कोपऱ्यातला अर्जुन माझ्या डोक्याच्या वर गेला होता.

मंडळी, लँडस्केप आर्किटेक्ट म्हणजे काय, हे मला त्या पावसात कळले. मराठीत त्याला भूदृश्य-रचनाकार किंवा भूदृश्य वास्तुविशारद म्हणतात. नाव जड आहे, काम ओळखीचे आहे. आर्किटेक्ट इमारत रचतो. हा इमारतीच्या बाहेरची जमीन रचतो. उतार, पाणी, माती, झाड, वाट, पार, भिंत, सावली यांची एकमेकांशी सांगड घालतो. शहरातली उद्याने, महाविद्यालयांची आवारे, नद्यांचे काठ, दवाखान्यांची अंगणे, महामार्गांच्या कडा, खणून सोडलेल्या खाणी ही सगळी त्याची कामाची जागा. आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. एवढी जमीन हलली की पाण्याच्या जुन्या वाटाही हलतात. अशा वेळी जमीन वाचणारा माणूस नकाशाच्या पहिल्या दिवशी लागतो, शेवटच्या दिवशी झाडे लावायला नव्हे. २०२० साली वर्धा-सेवाग्राम रस्त्याच्या रुंदीकरणात जुनी झाडे तुटू लागली तेव्हा वर्धेकरांनी आवाज उठवला. रस्ता आणि झाड यांचे भांडण कुऱ्हाडीपाशी मिटत नाही, ते कागदावर असतानाच मिटवावे लागते.

आणखी एक गंमत पुतणीने सांगितली, ती शेतकऱ्याने मुद्दाम ऐकावी अशी आहे. या व्यवसायाचा पाया घालणारा म्हणून जगभर ज्याचे नाव घेतात तो अमेरिकेचा फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड. जन्म १८२२. हा गृहस्थ आधी शेतकरी होता. न्यूयॉर्कजवळच्या स्टेटन बेटावर त्याने शेती केली. पुढे वर्तमानपत्रासाठी तो अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापसाच्या मुलखात फिरला आणि तिथे गुलामांकडून कापूस कसा पिकवला जातो त्यावर त्याने लिहिले. १८५८ साली कॅल्व्हर्ट व्हॉक्स या वास्तुविशारदाबरोबर केलेल्या त्याच्या आराखड्याला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे काम मिळाले. ८४३ एकरांचा हा बाग आज लोकांना निसर्गाने आपोआप घडवलेला वाटतो. मूळ जागा खडकाळ आणि दलदलीची होती. तिथल्या पाण्याचा निचरा जॉर्ज वॉरिंग या शेतीच्या निचऱ्याचे काम जाणणाऱ्या अभियंत्याने केला. म्हणजे पहा, एवढ्या मोठ्या बागेची सुरुवात फुलांपासून झाली नाही. ती चिबड जमिनीचे पाणी काढण्यापासून झाली. आपल्या वावरात आपण दुसरे काय करतो?

आणि इतके दूर तरी कशाला जा? सेवाग्रामला आश्रमात जाऊन बसा. गांधीजी १९३६ साली शेगावला आले. तेच शेगाव पुढे सेवाग्राम झाले. मातीच्या भिंती, कवेलूचे छप्पर, मधले मोकळे अंगण, उघड्या आकाशाखालची प्रार्थनेची जागा आणि बापूंनी लावलेला पिंपळ. तिथे भर उन्हाळ्यातही बसवते. वर्ध्याला गोपुरीत गीताई मंदिर आहे. त्याचे उद्घाटन विनोबाजींच्या हस्ते १९८० साली झाले. त्याला छत नाही, कळस नाही. उघड्यावर उभ्या केलेल्या शिळांवर गीताईचे अठरा अध्याय कोरले आहेत. आत चालताना ऊन, वारा, झाड आणि अक्षर बरोबरच चालतात. उघड्या जागेचीही रचना असते, हे आपल्या जिल्ह्याला कुणी नव्याने शिकवायला नको. आपण तिकडे त्या नजरेने पाहत नाही, एवढेच.

आता कामाचे बोलू. हे शिक्षण कसे घ्यायचे?

पहिली गोष्ट गणिताची. वास्तुशास्त्राच्या पाच वर्षांच्या पदवीला, म्हणजे बी.आर्च.ला, बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित लागते. खेड्यातली हुशार मुले अकरावीला डॉक्टरकीच्या आशेने जीवशास्त्र घेतात आणि गणित सोडतात. तिथेच हे दार बंद होते. म्हणून दहावीनंतरच विचार करा. दुसरी गोष्ट प्रवेश परीक्षेची. वास्तुकला परिषद "नाटा" नावाची परीक्षा घेते. त्यात चित्र काढण्याची आणि आकार ओळखण्याची कसोटी असते. नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या केंद्रीय संस्थांसाठी जेईईचा वास्तुशास्त्राचा वेगळा पेपर असतो. नियमांत बदल होत असतात, तेव्हा अर्ज भरायच्या वर्षी ते नीट वाचून घ्या.

बी.आर्च.नंतर भूदृश्य रचनेची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. दिल्ली आणि भोपाळ येथील योजना व वास्तुकला विद्यालय, अहमदाबादचे सेप्ट विद्यापीठ, पुण्यात मुलींसाठी भानुबेन नानावटी महिला वास्तुकला महाविद्यालय, अशा ठिकाणी हा अभ्यासक्रम आहे. अहमदाबादेत हे शिक्षण उभे करणाऱ्यांत प्रा. प्रभाकर भागवत या आपल्या मराठी माणसाचे नाव आदराने घेतात.

ज्यांचे गणित सुटले त्यांनी निराश होऊ नये. कृषी विद्यापीठांत पुष्पशास्त्र व प्रांगणविद्या हा विषय आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातही तो शिकवतात. बी.एस्सी. करून तिकडे जाता येते, रोपवाटिका आणि उद्यानांची कामे घेता येतात. मात्र १९७२ च्या कायद्याप्रमाणे, लँडस्केप आर्किटेक्टसारखे अपवाद सोडले तर, परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही, हे लक्षात असू द्या.

तिसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. पैसा लवकर दिसत नाही. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, कार्यालये पुण्या-मुंबईसारख्या शहरांत असतात आणि स्वतःचा जम बसायला वर्षे जातात. उन्हात उभे राहून गवंडी, माळी आणि ठेकेदार सांभाळावे लागतात. चित्र यावे लागते, हिशोब यावा लागतो, माती किती उचलायची आणि कुठे टाकायची याचा अंदाज बांधावा लागतो. झाडांची नावे येऊन भागत नाही, वीस वर्षांनी त्या झाडाचा घेर किती होईल ते आज दिसावे लागते. सगळ्यात मोठी गोष्ट धीराची. इमारत दोन वर्षांत उभी राहते. झाडाखाली माणूस बसायला दहा वर्षे लागतात. त्या दिवशी आपण तिथे नसतो आणि आपले नावही कुणाला ठाऊक नसते.

हे सगळे ऐकून "मग नकोच" म्हणाल, तर थोडे थांबा. पाणी कुठून येते, कुठे मुरते, वारा कुणीकडून लागतो, कोणत्या धुऱ्यावर कोणते झाड टिकते, बैल दुपारी कुठे बसतात, हे शहरातल्या मुलाला पुस्तकातून शिकावे लागते. आपली पोरे ते वावरात चालता चालता शिकतात. पुतणी मला म्हणाली, "काकाजी, कॉलेजात पहिली दोन वर्षे मला इंग्रजीची भीती वाटायची. मग उताराचा आणि निचऱ्याचा विषय आला, आणि सगळे माझ्याकडे वह्या मागू लागले." सात एकर कोरडवाहूने तिला तेवढे दिले होते. ते मला, तिच्या बी.एस्सी. काकाला, दिसले नव्हते.

आज ती पुण्यात एका कार्यालयात काम करते. बँकेचे कर्ज अजून फिटते आहे. पण पहिल्या वर्षाच्या पगारातून तिने वहिनींच्या पाटल्या सोडवून आणल्या. त्या दिवशी मी गावी होतो. मी भावाला म्हणालो, "भाऊ, २०१७ साली मी तुम्हाला जे बोललो ते चुकलं माझं." भाऊ सुपारी कातरत होते. वर न पाहता म्हणाले, "सोड ना गा. तू खड्डे मोजत होता, ते पानी पाहात होती." मग वहिनींना हाक मारून म्हणाले, "सायेबाले चहा दे. मागचा राह्यला हाय."

तेव्हा बंधू-भगिनींनो, दोन विनंत्या. यंदा घरकुल, गोठा किंवा शाळेची भिंत बांधायची असेल, तर पाया आखण्याआधी एका चांगल्या पावसात छत्री घेऊन त्या जागेवर एक तास उभे राहा आणि पाण्याच्या वाटेवर काड्या रोवा. त्याला पैसा लागत नाही. आणि निकालानंतर मुलगी किंवा मुलगा आपण कधी न ऐकलेले नाव घेऊन समोर आला, तर माझ्यासारखे हसू नका. आधी विचारा, "बाई, हे काम काय असते ते मला समजावून सांग."

मी ते विचारले असते, तर वहिनींच्या पाटल्या हातातच राहिल्या असत्या.